नाव कोठे बांधावी



कालव्यावरील नावांच्या मालकांचा मोठेपणा आणि काठाला नाव बांधण्याचे शिष्टाचार हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. चेन्नईत तर हा विषय अधिकच विनोदी वाटावा. येथील बकिंगहॅम कालव्याच्या काठाने जाताना आपण नाकाला रुमाल लावतो; नावेचा विचार आपल्या मनाला शिवतही नाही. परंतु इंग्लंडमधील कालव्यांविषयीच्या लेखनाचा मराठी अनुवाद करीत असताना एक गोष्ट मला वारंवार जाणवत गेली. पाण्यावरच्या माणसांचे मानापमान पाण्यावर ठरत नाहीत, ते काठावर ठरतात. आणि हे एकदा ध्यानात आले की आपल्या पायाखालच्या या काळ्या पाण्याकडेही निराळ्या दृष्टीने पाहावे लागते.

प्रथम अडचण आली ती शब्दाची. इंग्रजीत ज्याला मूरिंग म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे? नाव नांगरतात हे खरे, पण नांगर समुद्रात वा खाडीत टाकावयाचा. कालव्यात काठावरच्या खुंट्याला किंवा लोखंडी कडीला दोर बांधतात. आपल्याकडे होडी 'लावतात', बोट धक्क्याला 'लागते'. (बोट प्रवाशालाही लागते, तो प्रकार निराळा!) कोकणातील खाडीकाठच्या माणसाला 'होडी लावली' एवढे म्हटले की पुरते. इंग्रजी शब्दात मात्र तीन अर्थ एकवटलेले आहेत: बांधण्याची क्रिया, बांधण्याची जागा आणि त्या जागेवरचा हक्क. पहिल्या दोहोंसाठी मराठीत शब्द सापडतात. तिसऱ्यासाठी सापडत नाही, आणि सारे भांडण तर त्या तिसऱ्याचेच आहे.

इंग्लंडचे बहुतेक कालवे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी खणले गेले. कोळसा, चिनी माती, धान्य यांची ने-आण हा त्यांचा हेतू. पाण्याची पातळी चढविण्या-उतरविण्यासाठी दोन्ही टोकांना दरवाजे असलेले जे जलपाश बांधले, ते मध्य इंग्लंडमध्ये जेमतेम 7 फूट रुंद होते. म्हणून तेथील नावही 7 फूट रुंद आणि सुमारे 70 फूट लांब. ही नाव काठावरून चालणारा घोडा ओढीत असे. पुढे रेल्वे आली, वाहतुकीचे दर कोसळले, नावाड्याला जमिनीवरचे बिऱ्हाड परवडेनासे झाले आणि त्याची बायकामुले नावेवर राहावयास आली. नावेच्या मागच्या टोकाला साधारण 10 फूट बाय 7 फुटांची एक खोली; तीतच चूल, तीतच बिछाना, तीतच बाळंतपण. काठावरच्या समाजाने या माणसांना अडाणी, अस्वच्छ आणि चोर ठरवून टाकले. त्यांचा धंदा सांगणारा 'बार्जी' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

ज्यांना सारे जग खाली लेखते त्यांनी आपसात तरी समतेने वागावे, अशी आपली भाबडी अपेक्षा असते. तसे घडले नाही. या लोकांनीही आपली उतरंड रचली. जो स्वतःच्या नावेचा आणि स्वतःच्या घोड्याचा मालक, तो 'नंबर वन'. त्याच्या शब्दाला वजन. त्याच्या खालोखाल कंपनीच्या नावेवर काम करणारे. त्यांतही ज्या नावा रात्रंदिवस न थांबता धावत त्यांचा मान मोठा, कारण जलपाशापाशी इतरांनी त्यांना वाट करून द्यावयाची असे. सर्वांच्या तळाशी होते बर्मिंगहॅमच्या आसपास कोळसा वाहणारे ते नावाडी, ज्यांच्या नावेत राहण्याची खोलीच नसे आणि जे संध्याकाळी घरी जात. गंमत पाहा: ज्याला जमिनीवर घर आहे तो येथे खालच्या पायरीवरचा ठरला!

मान दाखविण्याची साधनेही त्या चिमुकल्या खोलीतच. दारावर रंगविलेले गुलाब आणि किल्ले, चकचकीत पितळी मुठी, भिंतीवर जाळीदार कडांच्या बशा, घासून पांढरे केलेले दोर. आपल्याकडे चाळीतल्या दीड खोलीत तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून फळीवर ओळीने मांडणाऱ्या गृहिणीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

शिष्टाचारांचे मूळ मात्र सोयीत होते. समोरासमोर आलेल्या दोन नावांपैकी एकीने आपला दोर सैल सोडून पाण्यात बुडू द्यावयाचा आणि दुसरीने त्यावरून निघून जावयाचे. बांधलेल्या नावेजवळून जाताना वेग कमी करावयाचा. नाहीतर लाटेने तिचे खुंटे उपटतात आणि आत चुलीवरचे उतू जाते. जलपाशाच्या तोंडाशी नाव बांधून ठेवावयाची नाही. दोन नावा एकमेकींना लागून बांधल्या असतील आणि पलीकडच्याला काठावर जावयाचे असेल, तर त्याने अलीकडच्या नावेच्या पुढच्या टोकावरून जावे, राहत्या खोलीच्या बाजूने जाऊ नये. शेजाऱ्याच्या ओटीवरून जावे, माजघरातून जाऊ नये, असाच हा संकेत. त्यात दाक्षिण्य आहे, आणि मला तो फार आवडतो.

हा धंदा विसाव्या शतकात संपला. 1944 साली एल. टी. सी. रोल्ट यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक निघाले, 1946 मध्ये कालवे वाचविण्यासाठी संघटना स्थापन झाली, 1948 मध्ये बहुतेक कालवे सरकारजमा झाले, 1962-63 च्या कडक हिवाळ्यात ते गोठून गेले आणि 1970 च्या सुमारास नियमित मालवाहतूक थांबली. त्यानंतर आले ते हौशी मालक. काल ज्या जगण्याला हिणविले जात होते तेच आता भूषण झाले. निवृत्त वकील आणि प्राध्यापक आपल्या नावेवर गुलाब आणि किल्ले रंगवून घेऊ लागले. जुन्या घाटाची नाव आणि जुने धडधडणारे इंजिन ज्याच्यापाशी आहे तो साध्या पोलादी नावेकडे कीव करून पाहतो. पोलादी नावेचा मालक प्लॅस्टिकच्या होडीला 'दह्याचा डबा' म्हणतो. डब्याचा मालक त्याच्या नावेला 'सांडपाण्याची नळी' म्हणून परतफेड करतो. आणि सुटीपुरती नाव भाड्याने घेऊन आलेला अडाणी मनुष्य दिसला की हे सारे एक होतात.

येथवर सारे विनोदी आहे. पण खरी रेघ निराळीच आहे. एका बाजूला ज्यांच्यापाशी नाव बांधण्याची कायमची, भाड्याची जागा आहे ते. दुसऱ्या बाजूला ज्यांच्यापाशी ती नाही ते. 1995 च्या कायद्याप्रमाणे ज्याला कायमची जागा नाही त्याने सतत प्रवासात असले पाहिजे, एका ठिकाणी 14 दिवसांहून अधिक राहता कामा नये. लंडनमध्ये घरांची भाडी भरमसाट वाढल्यावर अनेक कुटुंबे नावेवर राहू लागली. त्यांच्या मुलांची शाळा मात्र दर पंधरवड्याला पुढे सरकत नाही! 2024 पासून अशा नावांना परवान्यासाठी अधिक आकार द्यावा लागतो. कालव्याकाठच्या नव्या इमारतींतील रहिवाशांना या नावांच्या चुलींचा धूर आणि यंत्रांचा आवाज सोसवत नाही. आणि पाण्यावरच्या रंगीत नावांचे दृश्य हे तर त्या घरांचे एक आकर्षण असते.

आता मद्रासकडे येऊ. 1877 हे साल दोन्हीकडच्या कालव्यांच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये राहत्या नावांची नोंदणी करणारा आणि एका खोलीत किती माणसांनी निजावे हे ठरविणारा कायदा झाला. त्याच वर्षी मद्रास इलाख्यात माणसे भुकेने मरत होती. येथील कालवा त्याआधीच होता; 1806 साली बेसिल कॉक्रेन या व्यापाऱ्याने शहरापासून उत्तरेस एन्नोरपर्यंत तो खणविला होता, आणि पुढे तो पुलिकत सरोवराकडे वाढत गेला. पण शहरातून जाणारा, कूवम आणि अड्यार या नद्यांना जोडणारा सुमारे 8 किलोमीटरचा भाग खणला तो 1877-78 मध्ये दुष्काळी कामावरच्या मजुरांनी. 1877 च्या आरंभी रिचर्ड टेंपल यांनी, म्हणजे पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेल्या त्याच टेंपलसाहेबांनी, या इलाख्यातील दुष्काळी कामांवर पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा पुरेसा आहे असे ठरविले होते. कालव्याला नाव मिळाले ते गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे.

या पाण्यावरून मीठ, सरपण, शिंपले, धान्य आणि पेंढा शहरात येत असे. त्याच्या खुणा आजही नावांत शिल्लक आहेत. 'बेसिन ब्रिज' यातील बेसिन म्हणजे नावा थांबण्याचा जलाशय. 'साल्ट कोटार्स' म्हणजे मिठाची कोठारे. आणि मैलापूरचा भाजीबाजार ज्या 'तण्णीर्तुरै' नावाने ओळखला जातो त्याचा अर्थच पाणवठा. तमिळमध्ये नावेला 'पडगु' आणि 'पडवु' असे शब्द आहेत. मराठीतल्या पडावाशी त्यांचे काय नाते, हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे.

इंग्लंडात दोर घोडा ओढीत असे. येथे तो माणूस ओढी. वारा अनुकूल असला तर शीड, पाणी उथळ असले तर बांबू, आणि एरवी काठावरून खांद्यावर दोर घेऊन चालणारा मनुष्य. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात तमिळ कवी भारतीदासन आपल्या मित्रांबरोबर याच कालव्याने महाबलीपुरमला गेले. त्या सहलीवर त्यांची प्रसिद्ध कविता आहे. सृष्टिसौंदर्य पाहत चाललेल्या कवीची दृष्टी तीत दोर ओढणाऱ्या माणसावर जाते आणि मग त्याला नावेत स्वस्थ बसवत नाही. या कालव्यावरचा मोठेपणा पाहण्यासाठी नावेचा रंग तपासण्याची गरजच नव्हती. नावेत कोण बसले आहे आणि काठावरून कोण चालला आहे, एवढे पाहिले की झाले. तिकडे काठावर हक्क असणे हा मान. इकडे काठ वाट्याला येई तो ओझे ओढण्यापुरता.

कायदा मात्र सर्वांना एकच होता. 1890 साली मद्रास सरकारने कालवे आणि तरी यांच्याविषयी जो कायदा केला त्यान्वये नावांची नोंदणी, परवाने आणि जकात ठरली. तो वाचताना असे वाटते की सरकारला नावा दिसत होत्या, दोर दिसत नव्हता.

याच पाण्याशी जोडलेल्या अड्यार नदीवर 1867 पासून मद्रास बोट क्लब आहे. तेथे वल्ही मारली जात ती हौसेने. 1898 पासून कोलंबोच्या क्लबाशी शर्यती होऊ लागल्या. शरीरकष्ट तेच, घाम तोच; परंतु एका ठिकाणी त्याला चषक मिळे, दुसऱ्या ठिकाणी मजुरी. आज बोट क्लब रोड हा शहरातील अत्यंत महाग निवासी पत्त्यांपैकी एक आहे. काही अंतरावर कालवा नदीला येऊन मिळतो, त्या बाजूचा पत्ता कोणी मिरवीत नाही.

1965-66 आणि 1976 च्या वादळांनंतर कालव्यावरची वाहतूक मंदावत जाऊन बंद पडली. पाण्याची जागा सांडपाण्याने घेतली. 1990 च्या दशकात शहरी रेल्वेचे खांब थेट त्याच्या पात्रात उभे राहिले. 1997 मध्ये गाडी मैलापूरपर्यंत आणि 2007 मध्ये वेळचेरीपर्यंत पोहोचली. काठावर झोपड्या होत्या. त्यांतील पुष्कळ कुटुंबांना, तसेच कूवमच्या काठच्या कुटुंबांना, 2000 नंतर दक्षिणेकडे कण्णगी नगर आणि पुढे पेरुंबाक्कम येथे हलविण्यात आले. कारण सांगितले जाते ते अतिक्रमणाचे आणि पुराचे. पुराचा धोका खोटा नाही. परंतु पात्राच्या मध्यभागी उभ्या असलेल्या खांबाला कोणी अतिक्रमण म्हटल्याचे क्वचितच ऐकू येते. घरकाम आणि मजुरी करणाऱ्या या माणसांना कामासाठी वीसेक किलोमीटर दूर शहरात परत यावे लागते.

2008 साली हा कालवा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 4 चा भाग म्हणून जाहीर झाला. म्हणजे कागदावर येथे पुन्हा नावा यावयाच्या आहेत. त्या आल्या तर त्यांना धक्के लागतील, धक्क्यांना जागा लागेल, आणि जागेला भाडे पडेल. नाव लावण्याच्या हक्कासाठी मराठीत शब्द नाही असे मी आरंभी म्हटले. माझ्या अनुवादात मी तूर्त 'काठहक्क' असा शब्द योजला आहे. कण्णगी नगरच्या पाठीमागूनही हाच कालवा वाहतो. तेथे मात्र त्याच्या काठाला नाव बांधण्याची एकही कडी नाही.