'लागला' म्हणायची सवय
(मे २०२५ मधील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आत्ता माझी ओळख 'पुण्यातल्या मोठ्या इंजिनिअर' अशी करून दिली. मोठी वगैरे काही नाही. दिवसभर संगणकापुढं बसते आणि प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. मला विषय दिलाय 'शाळेनं आपल्याला काय दिलं'. मी त्यातलं फक्त मैदान घेणार आहे. संध्याकाळी आपल्या निधीचं काय करायचं ते ठरणार आहे, आणि त्याआधी मला थोडं बोलायचंय.

खेळानं मुलांवर चांगले संस्कार होतात, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मला ते अर्धंच पटतं. खेळातनं लबाडीसुद्धा शिकता येते, आणि ती लवकर शिकता येते. माझी मुलगी पुण्यात खेळायला लागली तेव्हा मैदानावरच एका पालकांनी मला आपुलकीनं सल्ला दिला, "मॅडम, दाखल्यावर एक वर्ष कमी करून घ्या. सगळेच करतात." मुलगी शेजारी बुटाची नाडी बांधत होती. ती सगळं ऐकत होती. वय चोरायचा हा रोग आपल्या देशात इतका जुना आहे की क्रिकेट बोर्डाला सोळा वर्षांखालच्या पोरांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय बघावं लागतं. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, ते चांगलंच आहे. पण त्यापाठोपाठ बोगस प्रमाणपत्रंही आली. यातलं काहीही मुलांनी शोधून काढलेलं नाही. ते मोठ्यांनी शिकवलंय.

आता आपला खो-खो. मुलांना आठवत नसेल, तुम्ही तेव्हा कुस्ती आणि फुटबॉलवरनं भांडत होता. खो-खोत आठजणी खाली बसलेल्या असतात आणि एक धावते. धावणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. वळायचं असेल तर बसलेलीच्या पाठीला हात लावून खो द्यायचा आणि आपण तिच्या जागी बसायचं. म्हणजे पळणारी हातभर अंतरावर दिसत असताना तिला दुसरीच्या हवाली करायचं. ज्या मुलीला सगळे गडी मीच बाद करणार असं वाटतं, ती या खेळात फार टिकत नाही. या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या कप्तानीखाली आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला. मी घरी टीव्हीपुढं ओरडत होते, आणि मुलगी म्हणाली, "आई, तुला एवढं कळतं यातलं?"

कळतं, कारण सर समोर बसलेत. सर, सरावाला तुम्ही एकटे आणि आम्ही अठराजणी. तुम्हाला प्रत्येक स्पर्श दिसायचा नाही. म्हणून तुम्ही नियम केला होता, की जिला हात लागला तिनं स्वतःच 'लागला' म्हणायचं आणि बाहेर यायचं. पहिल्या आठवड्यात कुणालाच काही लागलं नाही! मग एकीनं म्हटलं. तुम्ही तिला शाबासकी दिली नाही की भाषण दिलं नाही, नुसतं "बस" म्हणालात आणि खेळ पुढं चालू केलात. 'लागला' म्हणणं ही काही मोठी गोष्ट नाही, ते रोजचंच, असं त्यातनं आम्हाला कळलं. माझ्या धंद्यात चूक कुणाची यापेक्षा ती लवकर कोण सांगतं याला किंमत असते. नवीन पोरं चूक झाकत बसतात आणि दोन दिवसांचं काम पंधरा दिवसांचं होतं. त्यांना मी खो-खो सांगत नाही, पण डोक्यात तोच असतो.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. नववीच्या हिवाळ्यातली ती मुलगी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडनं ऊसतोड कुटुंबं यायची, कोप्या पडायच्या. ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन कुंपणाशी उभी राहायची. सरांनी तिला आत बोलावलं. भावाला आम्ही आळीपाळीनं घेऊन बसायचो आणि ती अनवाणी पळायची. तिला धरणं आमच्यातल्या कुणालाही जमलं नाही.

जानेवारीत सामने होते आणि आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला. तिच्या नावावर हिला उतरवू, असं आम्हीच म्हटलं. गावातल्या दोन मोठ्या माणसांनीही तेच सांगितलं. कोण बघायला येतंय? सर म्हणाले, "तिला तिच्या नावानं खेळवता येत नाही, मग दुसरीच्या नावानं कशाला?" आम्ही हरलो. सरांनी नंतर कोपीवर जाऊन, घरच्यांशी बोलून तिचं नाव पटावर आणलं. तोवर सामने होऊन गेले होते, आणि हंगाम संपल्यावर ती गावाकडं गेली.

सर बरोबर होते यात मला शंका नाही. तरी इतक्या वर्षांत एक गोष्ट डोक्यातनं जात नाही. त्या प्रामाणिकपणाची किंमत आम्ही एका ढालीएवढी दिली. तिनं मात्र तिच्या वाट्याचा एकुलता एक सामना दिला. नियम पाळायला सांगणं सोपं आहे, पण तो पाळूनही पोरीला खेळता यावं याची सोय मोठ्यांनी आधी करायला लागते.

याचं आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते आपण भिंतीवर लिहितो. त्यांना पाठवायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी सात हजारांसाठी घर गहाण टाकलं, हे मात्र भिंतीवर नसतं. गेल्या वर्षी १ ऑगस्टला आपल्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतलं. महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळायला मध्ये ७२ वर्षं गेली. पोरं कमी पडली म्हणून ती गेली असं मला वाटत नाही.

तर निधी. डिजिटल वर्गाचा प्रस्ताव आहे. मी संगणकावर पोट भरते आणि तरी सांगते, यंदा तो नको. पोरांच्या हातात मोबाईल आलाय, पडदा त्यांना कमी नाही. मैदान मात्र बघून आले. खांब वाकलाय आणि एका बाजूला खडी पडलीय. मैदान नीट करू, मुलींना बूट घेऊ, सामन्यांच्या गाडीभाड्याची तजवीज ठेवू. आणि ऊसतोडीची मुलं आली की पहिल्याच आठवड्यात कोप्यांवर जाऊन त्यांची नावं पटावर घ्यायला शाळेला माणूस लागेल, त्याचा खर्च आपण उचलू. ढाल आणली तर बक्षीस, असलं काही त्यात नको. आपल्या नावाचा बोर्डही नको. सरांना विचारून बघा, ते नको म्हणतीलच, पण विचारा.

एक व्यवहाराचं सांगते. मुरूम टाकून रोलर फिरवायचा असेल तर तो पावसाआधी. आज मे निम्मा झालाय. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे त्यांनी जेवणानंतर मला भेटा, मी वही घेऊन पिंपळाखाली बसलेली असेन.