सातबाऱ्यावरचा समंध

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं, की वाटेत गाढी नदीच्या सोबतीनं नेरे गाव लागतं. कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या शांतिवनामुळे हे नाव दूरवर पोहोचलं. आता ‘नैना’ या नव्या शहराच्या आखणीमुळे आणि नवी मुंबईच्या विमानतळामुळे इथल्या गुंठ्यागुंठ्याचा भाव विचारला जातो. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात एखादं कौलारू घर कुलूपबंद दिसतंच. म्हातारा वारला, मुलं मुंबईला, आणि उताऱ्यावर नाव अजून म्हाताऱ्याचंच. दिवेलागणीनंतर त्या पडवीत गेलेला चेंडू आणायला आळीतली पोरं सकाळची वाट बघतात.

थोडक्या पैशांत भुताचा विनोदी सिनेमा काढायचा, तर आणखी काय हवं?

कोकणानं हे कथानक सिनेमाच्या कितीतरी आधी रचून ठेवलंय. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती लिहवून घेतल्या होत्या. त्यांत आपल्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, मास्तरही होते. १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या, आणि ती टिपणं पुढे ब्रिटिश अधिकारी एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये पुस्तकरूपानं आणली. त्यातला ‘समंध’ आपल्या कामाचा. लोभी माणसाचं किंवा वारस नसताना मेलेल्याचं हे भूत. मुंजा पिंपळ धरून बसतो. समंधाचा जीव मात्र मागे राहिलेल्या धनात. ते दुसऱ्यानं भोगायला घेतलं, की तो त्रास देणारच. वारसा आणि भूत यांची एवढी घट्ट गाठ दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडेल?

साता समुद्रापलीकडेही हीच गाठ रंगभूमीवर चालली. जॉन विलार्डच्या ‘द कॅट अँड द कॅनरी’ या १९२२ च्या नाटकात मालकाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, रात्रीच्या वेळी, त्याच्याच वाड्यात मृत्युपत्र वाचलं जातं. १९२७ मध्ये पॉल लेनीनं त्यावर मूकपट काढला आणि १९३९ मध्ये बॉब होपनं त्याच गोष्टीत हशा पिकवला. आपल्याकडे मेहमूदनं १९६५ साली दिग्दर्शनाचा श्रीगणेशा ‘भूत बंगला’नं केला. त्यात संगीतकार राहुलदेव बर्मन चक्क पडद्यावर नाचले-बागडले.

मराठी सिनेमाच्या गाठीशी पैसा नव्हता, नट मात्र होते. १९८२ चा ‘एक डाव भुताचा’ आठवून पाहा. अशोक सराफ भूत, दिलीप प्रभावळकर मास्तर. भूत दाखवायला यंत्र नाही, तंत्र नाही. नट समोर उभा आहे आणि बाकीच्यांनी तो दिसत नसल्यासारखं वागायचं. खर्च शून्य, पण सगळा भार वेळ साधण्यावर. समोरच्या नटाची नजर अर्ध्या बोटानं चुकली, तरी भूत नाहीसं होतं आणि नुसता वेशभूषा केलेला माणूस उरतो.

अंगात येणंही तितकंच स्वस्त. महेश कोठारे यांच्या २००४ च्या ‘पछाडलेला’मध्ये वाडा आहे, प्रभावळकरांचा इनामदार भुस्कुटे आहे, आणि झपाटले जाणारे भरत जाधव, श्रेयस तळपदे आहेत. झपाटलेपण दाखवायचं ते आवाज, चाल आणि मानेचा झटका यांतून. या कसबाला आपण ‘हसवाहसवी’ म्हणून बाजूला सारतो, हा त्यावर अन्याय आहे. ‘तुंबाड’सारखा गंभीर चित्रपट वाड्यातल्या धनाच्या हावेवरच उभा आहे आणि त्याचं कौतुक योग्यच झालं. विनोदी भुतांच्या वाट्याला त्यातलं निम्मंही आलेलं नाही.

श्रोतेहो, या गोष्टी गावात पटकन पटतात, कारण मेलेला माणूस घर सोडत नाही हा इथला रोजचा अनुभव आहे. सातबाऱ्यावर मयताचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं. शेवटी २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली: मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. मोहिमेच्या नावातच एक आख्खी पटकथा दडली आहे.

तीही नेऱ्यासारख्या गावातच घडावी. एक कौलारू घर, पावसाळ्याचे चार महिने, सहा नट. मुंबईचे दोन भाऊ, हक्क सोडायला नकार देणारी बहीण, आत्येच्या मुलाचा एक दावा. मुलींना बरोबरीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ सालीच दिला, त्यामुळे बहिणीची बाजू भक्कम. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते: हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. चौदाव्या दिवशी, भर पावसात, धोतराचा सोगा सावरत म्हातारा चावडीची पायरी चढतो. हातात हरकतीचा अर्ज. टेबलापाशी रांग आहे, म्हातारा रांगेत उभा राहतो. त्याचा नंबर येतो, आणि कारकून त्याच्या आरपार बघत मागच्या माणसाला म्हणतो, “या, पुढं या.”