रद्दीतलं पुस्तक आणि फोनवरची कादंबरी

ऐतिहासिक कादंबरी लिहून ती स्वतःच ई-बुक म्हणून कशी काढायची, हा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. मी गेली काही वर्षं हेच करतोय. आणि सोबत जुनी पुस्तकं गोळा करतोय. म्हणजे ई-बुकचे पैसे खात्यात येतात आणि तिथून थेट रद्दीवाल्याकडे जातात! घरचे म्हणतात दोन दोन नाद लागलेत. माझ्या मते ते एकच काम आहे. का, ते आज सांगतो.

आधी एक गैरसमज काढू. ‘प्रकाशक मिळाला नाही म्हणून स्वतःच काढलं’ असं लोक जरा नाक मुरडून बोलतात. पण हरी नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे स्वतःचं साप्ताहिक सुरू केलं आणि ‘उषःकाल’ त्यातच हप्त्याहप्त्याने छापली. त्याआधी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’, जिला मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतात, तीही ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकातून आली आणि १८७१ साली पुस्तक झाली. त्या मासिकाचं संपादन गुंजीकरच करत होते. तेव्हा आपण काही जगावेगळं करत नाही आहोत.

आता तांत्रिक भाग पटकन उरकतो. अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर मराठी ई-बुक चढवायला पैसे लागत नाहीत, आयएसबीएनही सक्तीचा नाही. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्टमध्ये जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. आणि मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर फोनवर अक्षरांची खिचडी होते.

बस, एवढंच. एका संध्याकाळी होणारं काम आहे. आणि खरी अडचण इथेच आहे! ‘पब्लिश’चं बटण दाबण्याआधी तुम्हाला ‘हे कशावरून?’ असं विचारणारं कुणीच नाही.

समजा, तुमच्या कादंबरीत पानिपतावरचा शिलेदार पहाटे चहा पितोय आणि म्हणतोय, ‘पाच मिनिटांत निघू.’ १७६१ साली मराठी छावणीत चहा कुठला? आणि मिनिटं तरी कुणाला ठाऊक? तो म्हणेल, ‘घटकाभरात निघू.’ एक घटका म्हणजे २४ मिनिटं, एक प्रहर म्हणजे साधारण ३ तास. अशा बारक्या गोष्टींवरच वाचकाचा विश्वास बसतो किंवा उडतो.

हे ‘कशावरून?’ मला माझी जुनी पुस्तकं विचारतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली आला, दुसरी आवृत्ती १८५७ची. कापड, हत्यारं, वजनं-मापं, शिव्यासुद्धा त्यात सापडतात. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर तो फुकट शोधता येतो, म्हणजे फोनवर आत्ता उघडाल. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यात पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली पत्रं आहेत. पैशांची ओढाताण, घाई, रुसवेफुगवे, सगळं त्या माणसांच्याच भाषेत. संवाद लिहायचा असेल तर यापेक्षा मोठी शाळा नाही.

पण थांबा. जुनं म्हणजे खरंच असं अजिबात नाही. कित्येक जुन्या पुस्तकांत शिवाजी महाराजांचं जन्मसाल १६२७ असं छापलेलं मिळेल. पुढे जेधे शकावली उजेडात आली, अभ्यासकांचे वाद झाले, आणि आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारी १६३० या तारखेने होते. म्हणून एका विषयावर एक जुनं आणि एक अलीकडचं, अशी दोन पुस्तकं तरी समोर ठेवायची.

आता वारंवार येणारा प्रश्न: ‘दादा, माझ्याकडे जुनी कादंबरी आहे, स्कॅन करून विकू का?’ पुस्तक तुमचं आहे, मजकूर तुमचा असेलच असं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. आपटे १९१९ साली गेले, नाथमाधव १९२८ साली, त्यांचं लेखन मोकळं आहे. रणजित देसाई १९९२ साली गेले, म्हणजे २०५२ संपेपर्यंत हात लावायचा नाही. आणि मोकळ्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना किंवा टिपा मोकळ्या असतीलच असं धरू नका.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. कागदी कादंबरी कपाटात राहते. ई-बुकमधल्या एका पानाचा स्क्रीनशॉट निघतो, लेखकाचं नाव गळतं, ‘कादंबरी’ हा शब्द गळतो, आणि तुमच्या कल्पनेतला प्रसंग दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर इतिहास म्हणून फिरतो. त्यावरून भांडणं होतात. माणसं खरोखर बोलायची बंद होतात. स्क्रीनशॉट आपण थांबवू शकत नाही. पण ‘हे खरं का?’ म्हणून जो मूळ पुस्तक उघडेल, त्याला तिथे उत्तर मिळालं पाहिजे. म्हणून माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी दोन पानं असतात: कोणती पात्रं खरी, कोणती माझ्या मनातली, कोणता प्रसंग कोणत्या साधनावर उभा आहे. कुणी पुराव्यानिशी चूक दाखवली तर फाइल दुरुस्त करून पुन्हा चढवायची. ही सोय आपट्यांना नव्हती, आपल्याला आहे.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. आजोबांचं कपाट उघडा. कसर लागलेलं का असेना, एखादं पुस्तक काढा आणि त्याचं पहिलं पान बघा. फक्त शके दिलेला असेल तर ७८ मिळवा, इसवी सन मिळेल, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात!