पंखा बंद करू नका, बदला!
(सोसायटीच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)

पंचवीस वर्षांत आपल्यापैकी बरेच जण पगारावरून पेन्शनवर आले. बिलं मात्र रिटायर झाली नाहीत! म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद करून बसायचं का? मुळीच नाही. हिशेब बघा. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा. रोज १२ तास फिरला, तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी पंखा ३० वॉटचा. त्याला ११ युनिटही लागत नाहीत. तीन पंख्यांमागे ४८ युनिट वाचतात. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर चढतो, त्यामुळे आधी वाचतात ती महागडी युनिटं. सगळे एकदम नको. जास्त फिरतो तो आधी बदला. जिवाला त्रास न देता केलेली काटकसरच टिकते.