पाकीट बदलले, औषध तेच

कर्जत-खालापुरात किती घरांत मधुमेहाची गोळी किराण्यासारखी दर महिन्याला आणावी लागते! सिटाग्लिप्टिन या औषधाचे पेटंट जुलै २०२२मध्ये संपले. सप्टेंबरपासून जनऔषधी केंद्रांत त्याच्या ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. नामांकित कंपन्यांच्या पाकिटाला तेव्हा १६२ ते २५८ रुपये पडत.

ही स्वस्त गोळी जेनेरिक, म्हणजे ब्रँडच्या नावाविना विकली जाणारी. पण जेनेरिक म्हणजे कमअस्सल नव्हे. औषधी घटक तोच, मात्रा तीच. बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करा. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळीच्या जुन्या पाकिटावर ‘एसआर’ लिहिले असेल, तर नव्यावरही ते हवे. एसआर गोळी पोटात हळूहळू विरघळते, ती चावू नये.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. रंग निराळा दिसला म्हणून वडीलधारी माणसे जुनी गोळीही घेतात आणि नवीही. मधुमेहाचेच ग्लिमेपिराइड हे औषध असे दुप्पट गेले, तर रक्तातली साखर झपकन उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. आणि नवी गोळी सुरू केली असेल, तर घरातल्या डब्यातली तिची जुनी पाकिटे आजच बाजूला काढा.