निरोप येतो कुणाच्या नावाने?
(अल्पभूधारक शेतकरी स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पत्रिकेत 'कृषी सल्ला सेवा' असा छापलाय. शब्द जड आहे. त्यात रेडिओवरचं शेतीचं आलं, कृषी सहायकाची भेट आली, मोबाईलवरचा संदेश आला. आणि सरकार ज्याला या यादीत धरत नाही तो बी-औषधांचा दुकानदारही आला. २००३ साली देशभर शेतकरी कुटुंबांची सरकारी पाहणी झाली. १०० पैकी ६० घरांना कुठूनच आधुनिक शेतीची माहिती मिळत नव्हती. ज्यांना मिळत होती, त्यांच्यातही सरकारी विस्तार कार्यकर्त्यापेक्षा दुकानदाराकडून घेणारी घरं जास्त होती. ज्याला माल खपवायचा आहे तोच सल्लागार! आणि उधारीही त्याच्याचकडे, मग त्याचा शब्द मोडणार कोण?

जागतिक बँकेच्या मदतीने सत्तरच्या दशकात 'प्रशिक्षण व भेट' योजना आली. गावातले काही संपर्क शेतकरी निवडायचे, त्यांना सांगायचं, ते बाकीच्यांना सांगतील. संपर्क शेतकरी बहुतेक पुरुषच. पुरुषाला सांगितलं की घरात पोहोचलं, असं धरलेलं. ते पोहोचतं का, हे आपण सोयाबीनवरच पाहू.

दर मे महिन्यात कृषी खातं सांगतं, घरचं बियाणं पेरण्याआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटात १०० दाणे मोजून गुंडाळायचे, गोणपाट ओलं ठेवायचं, आठवडाभरात मोड मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर हेक्टरी ७५ किलो बी पुरतं. कमी उगवले तर बी वाढवायचं, फारच कमी असतील तर ते पेरायचंच नाही. आता सांगा, बियाण्याचं पोतं घरात कोण सांभाळतं? सोयाबीनचं साल पातळ असतं, पोतं आपटलं तरी उगवण घटते, हे कुणाच्या हाताला कळतं? निरोप मात्र येतो कारभाऱ्याच्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल असतो त्यांच्या खिशात, चौकात. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला, औरंगाबाद खंडपीठाने दखल घेतली. त्यात विकतच्या बियाण्याचा दोष होता, कंपन्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण विकतच्या पिशवीतले १०० दाणेही घरी तपासता येतात. दुबार पेरणीचा खर्च दोन एकरवालीला वर्षभर पुरतो. त्यासाठी आधी काय मोडलं जातं, ते तुमच्या गळ्याकडे पाहून कळतं.

फवारणीचं तर विचारूच नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. मग हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा यांवर पत्रकं निघाली, सगळी फवारणाऱ्यासाठी. पाणी वाहून आणणारी, ते कपडे हाताने धुणारी, त्याच शेतात दुसऱ्या दिवशी निंदायला बसणारी बाई कुठे आहे त्यात? डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर सर्वांत जहाल विष, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. एवढं तरी प्रत्येकीने आजच पाठ करावं. वाचता येत नसलं तरी रंग दिसतो.

हे असं होतं, कारण शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या १०० वहितीदारांत बाया जेमतेम १४. चांदवडला १९८६ साली शेतकरी स्त्रियांचं अधिवेशन झालं, पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती आणली, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. चाळीस वर्षं होत आली, अजून १४! आता शेतकरी ओळख क्रमांक आलाय. २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी खात्याच्या योजनांना तो लागतो, आणि तोही जमिनीच्या नोंदीलाच जोडलेला. म्हणजे नवऱ्यामागे शेत कसणारी, पण वारसनोंद न झालेली बाई, आणि बटाईने करणारी, दोघी पुन्हा बाहेर.

किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत, फुकट. तिथे सातबारा लागत नाही. पाटीवर लिहून चुलीमागे टांगा. आणि खरीपपूर्व सभा गावात होते, ती आपल्या भाकरीच्या वेळी नको, दुपारी घ्या, आणि गोणपाट-दाणे घेऊन या, असा अर्ज कृषी सहायकाला आज इथेच लिहू या. शाई आणली आहे. सही येत नसेल तिने अंगठा द्यावा.