मूल स्काऊट-गाईड पथकात दाखल होताना

(शाळेतील पालक मेळाव्यासाठी तयार केलेल्या भाषणाची संहिता)



जून महिन्यात शाळा उघडल्या की थोड्याच दिवसांत अनेक घरांत एक लहानसा कागद येतो. मुलाला स्काऊट पथकात किंवा मुलीला गाईड पथकात घालण्यास पालकांची संमती आहे काय, एवढेच त्यावर विचारलेले असते. घाईगर्दीत त्यावर सही होते, गणवेशाचे पैसे दिले जातात आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः विषय तेथे सुरू व्हावयास हवा. मूल ज्या चळवळीत पाऊल टाकते तिचे स्वरूप घरच्या मंडळींना ठाऊक नसेल, तर पथकात जे शिकविले जाते ते घरी नकळत पुसले जाते. शिक्षक एकीकडे ओढतात, घर दुसरीकडे ओढते आणि मुलाच्या हाती केवळ गणवेश उरतो. म्हणून पथकात नव्याने येणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी प्रारंभीच जाणून घेणे हिताचे आहे.

चळवळीचा उगम

स्काऊट चळवळीचे जनक लॉर्ड बेडन-पॉवेल हे लष्करी अधिकारी होते. १८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या गावाला वेढा पडला असता तेथील लहान मुलांनी निरोप पोचविण्याचे काम चोख केले. जबाबदारी दिली तर मुले ती पेलतात, हा अनुभव त्यांच्या मनावर ठसला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडजवळील ब्राउन्सी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. त्यात श्रीमंतांच्या शाळांतील मुले आणि कामकरी वर्गातील मुले एकाच तंबूत राहिली. पुढील वर्षी त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले व चळवळ देशोदेशी पसरली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्यात काही मुली न बोलावता हजर झाल्या आणि आम्हालाही हे हवे आहे, असा त्यांनी आग्रह धरला. त्यातून १९१० मध्ये गाईड चळवळ उभी राहिली.

भारतात पहिले पथक १९०९ मध्ये बंगलोर येथे निघाले. परंतु आरंभी या पथकांत युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. ज्या देशाच्या मातीवर तंबू उभारले जात होते, त्या देशाच्या मुलांना त्यात जागा नव्हती. हा अन्याय मानून डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रास प्रांतात भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबाद येथे सेवा समितीच्या वतीने हेच कार्य आरंभिले. स्वातंत्र्यानंतर या निरनिराळ्या संघटनांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था अस्तित्वात आली व १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तीत सामील झाली. आज गावोगावच्या शाळांत जे पथक सहज उपलब्ध आहे, त्याचे दार उघडण्यासाठी थोरामोठ्यांना झगडावे लागले होते, ही जाणीव घरात असावी.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक अभिमानाची गोष्ट आहे. जगभरातील गाईड भगिनींच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे.

वयोगट आणि सोपान

या चळवळीत मुलांचे वयानुसार विभाग पाडले आहेत. साधारणपणे दहा वर्षांपर्यंतची मुले ‘कब’ व मुली ‘बुलबुल’ म्हणविल्या जातात. त्यापुढील शालेय वयात स्काऊट व गाईड, आणि नंतर पंचविशीपर्यंत रोव्हर व रेंजर अशी वाटचाल होते. कब विभागाची कल्पना किपलिंगच्या ‘जंगल बुक’वर बेतलेली आहे, म्हणून कबांच्या प्रमुखाला मुले ‘अकेला’ म्हणतात. ज्या शिवनीच्या जंगलात ती कथा घडते, ते विदर्भाच्या सीमेलगतच आहे.

स्काऊट व गाईड यांची प्रगती प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्यांनी होते. प्रत्येक पायरीला ठराविक अभ्यास असतो. दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र व नकाशा, अंदाज बांधणे, मागखुणा ओळखणे, उघड्यावर स्वयंपाक करणे, सेवाकार्य अशा गोष्टी त्यात येतात. एखादी पायरी चढण्यास एका मुलाला अधिक काळ लागला, तर त्यात कमीपणा नाही. येथे शेजारच्या मुलाशी स्पर्धा नसते. कालच्यापेक्षा आज आपण किती पुढे आलो, एवढाच प्रश्न असतो.

संघपद्धती

पथकाचा प्राण म्हणजे संघपद्धती होय. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो व त्यांच्यातीलच एक मुलगा संघनायक असतो. शिबिरातील कामाची वाटणी, साहित्याची निगा, नव्या मुलाला शिकविणे ही कामे संघनायक पाहतो. स्काऊट मास्टर अथवा गाईड कॅप्टन मागे उभे राहून लक्ष ठेवतात, पण हातातले काम काढून घेत नाहीत.

नव्या पालकांना खटकते ते नेमके येथेच. ‘गुरुजी असताना आठवीतला पोरगा आमच्या मुलाला काय शिकविणार?’ असा प्रश्न हमखास येतो. पण चुकत माकत शिकविणारा तो मुलगाही त्याच वेळी शिकत असतो. भात करपला, तंबू वाकडा बसला, गाठ सुटली, तर मुले दुसऱ्या वेळी ती चूक करीत नाहीत. मोठ्यांनी पुढे होऊन सारे नीट करून दिले, तर तंबू सरळ उभा राहील, पण मुलाचे शिकणे राहून जाईल. गावाच्या कारभारात आज जी माणसे सभेत चार शब्द नीट बोलू शकत नाहीत, त्यांतील अनेकांना लहानपणी कोणी सहा जणांची जबाबदारी दिली नव्हती, हे पंचायत सदस्यांच्या सहज ध्यानी येईल.

वचन आणि नियम

प्रवेशाचा अभ्यास पूर्ण झाल्यावर मूल स्काऊट वचन घेते. ईश्वर व देश यांविषयीचे कर्तव्य, इतरांना साहाय्य आणि स्काऊट नियमांचे पालन, असा त्याचा आशय आहे. ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मुभा असते. कोणत्याही विशिष्ट पंथाची शिकवण पथकात दिली जात नाही व कोणत्याही राजकीय पक्षाशी चळवळीचा संबंध नाही. सर्व जातिधर्मांची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत खातात. गणवेश व रांगा पाहून काहींना हे सैनिकी शिक्षण वाटते, पण तोही गैरसमज आहे. येथे शिस्त आहे ती सेवेसाठी.

विश्वासपात्रता, निष्ठा, सर्वांशी मैत्री, विनय, प्राणिमात्रांवर व निसर्गावर प्रेम, शिस्त व सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण, धैर्य, काटकसर आणि मनवचनकर्मांची शुद्धता असे नऊ नियम आहेत. ते पाठ करून घेणे सोपे आहे. परंतु सार्वजनिक नळ उघडा टाकणारा, एस. टी.ची खिडकी फोडून मिरविणारा, किंवा ‘घरी नाही म्हणून सांग’ असे मुलाकडून वदविणारा मोठा माणूस घरात असेल, तर त्या पाठांतराचा उपयोग काय? मूल वचन घेते तेव्हा घराचीही एक प्रकारे परीक्षा सुरू होते.

खरी कमाई

‘खरी कमाई’ हा या चळवळीतील मोठा गुणकारी उपक्रम आहे. मुले ओळखीच्या घरी किंवा दुकानी जाऊन अंगण झाडणे, सायकल पुसणे, पाणी भरणे, पुस्तके लावून देणे अशी कामे करतात. त्याचा जो अल्प मोबदला मिळेल तो कार्डावर नोंदवितात आणि पथकात जमा करतात. ही भिक्षा नव्हे, वर्गणीही नव्हे. घामाशिवाय दाम नाही, हा धडा यातून मिळतो.

दुर्दैवाने अनेक घरांत हा धडा चुकीचा शिकविला जातो. ‘आपल्या मुलाने दुसऱ्याच्या दारात झाडू मारायचा काय?’ असे म्हणून वडील खिशातून नोटा काढतात आणि कार्ड घरबसल्या भरून देतात. पथकाला पैसे मिळतात. मुलाला मात्र दोन गोष्टी समजतात. एक म्हणजे श्रम हलके असतात आणि दुसरी म्हणजे खोटी नोंद चालते. खरी कमाई या नावाखाली खोटी कमाई होऊ देऊ नये. ज्या घरी मोलकरीण अंगण झाडते, त्या घरच्या मुलाने एकदा शेजाऱ्याचे अंगण झाडले, तर त्या बाईशी तो पुढे अधिक आदराने बोलेल. मात्र मूल कोणाकडे जाते हे पालकांना ठाऊक असावे, त्याने एकट्याने अनोळखी घरी जाऊ नये आणि काम त्याच्या वयाला झेपणारे असावे.

शिबिर आणि सुरक्षितता

शिबिराचे पत्र आले की घरात चिंता सुरू होते. मुलींच्या बाबतीत ती अधिक असते व पुष्कळ ठिकाणी त्या एका कारणाने मुलीचे नाव मागे घेतले जाते. चिंता समजण्यासारखी आहे, पण नकार हा तिच्यावरील उपाय नव्हे. पालकांनी प्रश्न विचारावेत. शिबिर कोठे आहे? मुलींसोबत प्रशिक्षित महिला गाईड कॅप्टन आहेत काय? दोनहून कमी प्रौढ व्यक्ती नाहीत ना? शौचालय व पिण्याच्या पाण्याची सोय कशी आहे? नदी, विहीर वा तलावाजवळ कोणते नियम आहेत? जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे? चांगला पथकप्रमुख या प्रश्नांनी रागावत नाही, त्यांची उत्तरे त्याच्याजवळ तयार असतात.

पालकांनीही आपली बाजू सांभाळावी. दमा, फिट, एखाद्या औषधाची किंवा पदार्थाची ॲलर्जी असल्यास ती लेखी कळवावी व नेहमीची औषधे नावानिशी पथकप्रमुखाकडे द्यावीत. अंगाला कोणी नकोसा स्पर्श केला किंवा कोणी ‘घरी सांगू नकोस’ असे म्हटले, तर ते घरी अवश्य सांगावे, हे मुलामुलींना स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये अशा गुन्ह्याची माहिती दडविणे हाही गुन्हा आहे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. संस्थेच्या नावापेक्षा मुलाची सुरक्षितता मोठी, याविषयी शिक्षक व पालक यांच्यात दुमत असू नये.

पहिल्या रात्री बहुतेक मुलांना घरची आठवण येते. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन शिबिरात धाव घेणारे पालक मुलाचे रडणे लांबवितात. एक रात्र धीर धरला, तर घरी परतणारे मूल आपले अंथरूण स्वतः घडी घालते, असा अनेक मातांचा अनुभव आहे.

मुलाकडून घराने शिकावे

पथकात मिळालेले ज्ञान घरात आले पाहिजे. सर्पदंशाचेच उदाहरण घ्यावे. पूर्वी जखम कापणे, रक्त चोखणे किंवा करकचून दोरी बांधणे असे उपाय सांगितले जात. ते घातक आहेत. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता त्याला तडक रुग्णालयात न्यावे, हाच योग्य मार्ग होय. बारा वर्षांची गाईड हे शिकून घरी आली आणि ‘तू लहान आहेस, गप्प बस’ असे तिला सांगितले गेले, तर शेतात राबणाऱ्या एखाद्या घराला त्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागेल.

खर्च आणि प्रमाणपत्र

गणवेश नीटनेटका असावा, पण तो नवाच असला पाहिजे असे नाही. मोठ्या भावाचा सदरा धुऊन, इस्त्री करून चालतो. काटकसर हा नियमच आहे. ज्या घरांना तेवढाही खर्च झेपत नाही त्यांची अडचण शाळेने गाजावाजा न करता सोडवावी. ग्रामपंचायत व गावातील संस्थांनी तंबू, दोर, प्रथमोपचार पेटी असे पथकाच्या सामाईक उपयोगाचे साहित्य दिले, तर ते वर्षानुवर्षे कामी येते.

राज्य व राष्ट्रपती पुरस्काराच्या प्रमाणपत्राला मान आहे व तो योग्यच आहे. परंतु केवळ प्रमाणपत्रासाठी वह्या दुसऱ्याकडून लिहून घेणे, न केलेल्या सेवेची नोंद करणे हे प्रकार घडतात तेव्हा पालक व शिक्षक दोघेही दोषी ठरतात. रस्त्यावर अपघात झाल्यास जखमीजवळ प्रमाणपत्र घेऊन उभे राहता येत नाही. तेथे पट्टी बांधता आली पाहिजे.

नव्या कुटुंबांकडून अपेक्षा फार नाही. साप्ताहिक सभेला मूल वेळेवर पाठवावे. घरी आल्यावर ‘आज काय मिळाले?’ याऐवजी ‘आज कोणाला मदत केलीस?’ असे विचारावे. घरातील एक काम कायमचे त्याच्यावर सोपवावे आणि ते चुकले तरी काढून घेऊ नये. वर्षातून एकदा शिबिराग्नीला स्वतः हजर राहावे. आणि शाळेच्या वेळेपलीकडे, बहुधा कोणत्याही मोबदल्याविना पथक चालविणाऱ्या शिक्षकाची कधी तरी आपुलकीने विचारपूस करावी. पुष्कळ पथके पैशाअभावी बंद पडत नाहीत. राबणारा शिक्षक एकटा पडल्यामुळे ती बंद पडतात. त्याला एकटे पडू न देणे गावाच्या हाती आहे.